जगतापकाकांची कोरडी खोली

आमच्या सोसायटीत कुणाकडे पाहुणे आले, की घराची बेल वाजवण्याआधी त्यांना जगतापकाकांच्या डब्यात नाक घालावं लागतं.

"दोन मिनिटं, साहेब. फक्त वास घ्या आणि खरं सांगा. भीड धरू नका."

डबा म्हणजे मागून ओढायची घरगाडी. आत एक पलंग, दोन कपाटं, इवलासा ओटा आणि खाली दोन चाकं. इंजिन नाही. जीपला जोडायची आणि वाटेल तिथे मुक्काम करायचा. काकांनी ती पुण्याच्या कुणाकडून तरी जुनी घेतली, वाशीला आमच्या पार्किंगच्या कोपऱ्यात लावली आणि पुढची चार वर्षं ती जागची हलली नाही. सगळी सोसायटी तिला डबा म्हणते. काका 'खोली' म्हणतात.

काका मूळचे साताऱ्याकडचे. तुर्भ्याला एका केमिकल कंपनीत तीस वर्षं काढली. "निरोपाला शाल-नारळ मिळाला, नाक मात्र तिथंच राहिलं बघा," असं ते सांगतात. स्वतःला वास येत नाही, म्हणून त्यांना लोकांची नाकं लागतात. शोधायचा वास एकच, कुबट.

एकदा दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीला बघायला मंडळी आली. काकांनी त्यांना गेटवरच गाठलं. मुलाचे वडील डब्यात वाकले, डोळे मिटून विचार केला आणि म्हणाले, "कापूर?"

"कापूर मीच ठेवलाय. कापराच्या मागं काय हाय?"

मग मुलगा, त्याची आई आणि मामा असे सगळे मिळून कापराच्या मागे काय आहे ते शोधत बसले. वर पोहे गार झाले. लग्न जमलं ते जमलंच, पण तो मामा अजूनही भेटला की मला बाजूला घेऊन सांगतो, "वहिनी, मला वाटतं ते रबर होतं."

वाशीतला मे महिना तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगते. दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, शिजतात. अशा हवेत बंद डबा म्हणजे बुरशीला आमंत्रणच. "हवा खेळली पाहिजे!" हे काकांचं ब्रीद. कपाटांची दारं त्यांनी काढूनच टाकली होती. गादी भिंतीला टेकवून उभी. कोपऱ्याकोपऱ्यात कोळशाच्या वाट्या. दोन टेबलफॅन, एक हवा आत घेणारा, दुसरा बाहेर घालवणारा. कधी चुकून दोन्ही समोरासमोर लागले, की मधे उभ्या काकांचे उरलेले केस सरळ आकाशाकडे जात.

गळ्यात दोरीला बांधलेलं हवेतला दमटपणा मोजायचं यंत्र असायचं. बाहेर आतल्यापेक्षा कोरडं असेल तर दार उघडायचं, दमट असेल तर लावायचं. पण वाशीच्या हवेचं मन ठरत नाही. सकाळपासून "ब्याऐंशी! एकोणऐंशी! परत ब्याऐंशी!" असा पुकारा आणि दाराची धाडधाड. नव्या भाडेकरूंना वाटायचं, खाली हौजी चाललीय. पावसाळ्यात खिडक्या उघड्या राहाव्यात म्हणून काका प्रत्येक खिडकीवर छत्री बांधत. वरून बघितलं तर आठ माणसं दाटीवाटीने उभी राहून डब्याचं सांत्वन करताहेत असं दिसे.

शेवटी आमचे सेक्रेटरी नाईक वैतागले. मीटिंग बोलावली. मीही कमिटीत होते.

"काका, दोन गाड्यांची जागा अडवलीत. चार वर्षांत एकदा तरी गेलात का कुठे?"

"अजून कोरडी झाली नाय."

"ती जन्मात होणार नाही! महिन्याभरात हलवा, नाहीतर काढून टाका."

काका एरवी वाद घालणारे. त्या दिवशी खाली मान घालून निघून गेले. मला राहवलं नाही. मी वर त्यांच्या घरी गेले. दार सुमनकाकूंनी उघडलं. काकू फारशा खाली येत नाहीत. दम्याचा त्रास, पंप कायम हातात.

"माझ्यापायी चाललंय गं सगळं," त्या म्हणाल्या. "लग्नानंतर आम्ही महाबळेश्वरला गेलो. लॉजची भिंत ओली, गादीला बुरशी. श्वासच बंद झाला माझा. यांनी मला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला. तेव्हापासून घर सोडून एक रात्र कुठे राहिले नाही. वाईजवळ माझी बहीण आहे, तिच्याकडेसुद्धा नाही. तिचं घर जुनं, ओल फार. मग यांनी ही खोली आणली. पण धीर होत नाही. म्हणतात, एक टक्का जरी ओल राहिली तर?"

दुसऱ्या दिवशी दुपारी, भर ऑगस्टमध्ये, काकू खाली आल्या. कुणाला काही न विचारता डब्यात शिरल्या, गादी आडवी केली, झोपल्या आणि आतून दार लावून घेतलं.

काका दाराबाहेर पंप धरून उभे. दर मिनिटाला, "सुमन, बोल!"

आतून, "आहे!"

अर्ध्या तासात सगळी सोसायटी जमली. नाईक फोनवर अ‍ॅम्ब्युलन्सचा नंबर काढून तयार. मग आतून उत्तर येईना. काकांनी दार जवळजवळ उपटलंच. काकू उठून बसल्या आणि खेकसल्या, "डोळा लागत होता की! पंखा कमी करा, गारठले मी."

पाऊस सरल्यावर ते निघाले. ओढायला जीप नाईकांनीच दिली आणि चालवायलाही तेच बसले. पार्किंग मोकळं होतंय म्हणून, असं ते अजून सांगतात. निघताना काकांचा चेहरा ऑपरेशनला जाणाऱ्या माणसासारखा होता. काकूंनी मात्र नवी साडी नेसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा फोन वाजला. काका होते. आवाज इतका बारीक, की मला आधी वाटलं, काहीतरी झालं.

"काका, काय झालं? काकू बऱ्या आहेत ना?"

"बहिणीच्या अंगणात हाय आम्ही," ते कुजबुजले. "साडेआठ वाजले, वहिनी. बहीण दोनदा चहा घेऊन आली, परत पाठवली तिला."

"का?"

काकांनी आवाज आणखी बारीक केला. मग म्हणाले, "अजून झोपलीय."