काशीरामच्या हातातला नारळ

काशीरामनं त्या दिवशी ठरवलं होतं ते एवढंच, की आज देवळातल्या बैठकीत उठून एक वाक्य बोलायचं. एकच. बोलून झालं की पुन्हा खांबाला टेकून बसायचं आणि चहा आला की प्यायचा. (चहा आला तेव्हा तो पिण्याच्या मनःस्थितीत नव्हता, पण ते पुढे.)

वाक्य होतं खडकवाडीच्या कबड्डी संघाबद्दल. काळकाई क्रीडा मंडळाचा हा संघ एके काळी महाड आणि पोलादपूर या दोन्ही तालुक्यांत नावाजलेला होता. आता तो ब गटाच्या तळाशी गाळासारखा बसला होता. यंदा पोलादपूरला पहिलाच सामना हरला, तर पुढच्या वर्षापासून क गटात खेळायचं होतं. क गटात मिसरूड न फुटलेली पोरं खेळत. खडकवाडीच्या संघातल्या निम्म्या गड्यांची स्वतःची पोरं शाळेत जात होती.

या अधोगतीला जबाबदार कोण, हे काशीरामला पाठ होतं. मैदानाच्या कडेला त्याच्याच शेताचा बांध होता. त्या बांधावर म्हातारा कुशाबा आणि तो संध्याकाळच्या संध्याकाळ बसून संघाचा कारभार सोलून काढायचे. अध्यक्ष श्रीपत मुंबईला गोदीत कामाला. शिमग्याला आणि गणपतीला तेवढा गावात यायचा, आणि तेवढ्यात वर्षभराचे निर्णय उरकून जायचा. जर्सी तोच मुंबईहून पाठवायचा, त्याही सगळ्या एकाच दांडग्या मापाच्या. का, तर पोरं वाढतील. मैदानाच्या मधोमध त्याच्या भावकीच्या पेंढ्याची उडवी उभी, म्हणून सराव तिच्याभोवती गोल फिरून चालायचा. आणि संघात सातवा गडी कायम ठरलेला, श्रीपतचा भाचा चांगू. चांगू देहानं एवढा ऐसपैस, की चढाईला निघाला तर परत येईपर्यंत कुशाबाची तंबाखू मळून व्हायची.

"गोदीत बसून संघ चालवतोय," काशीराम म्हणायचा. "जहाज समजलाय काय?"

"जहाज तरंगतं तरी," कुशाबा म्हणायचा.

हे सगळं बांधावरच संपतं तर बरं होतं. पण काशीराम ते घरी जेवायला घेऊन यायचा. त्याची बायको प्रयागबाई चुलीपुढे भाकऱ्या थापत असायची, आणि हा तिच्या ताज्या सारवलेल्या जमिनीवर मिठानं मैदान आखायचा. कांदा म्हणजे चांगू. हिरवी मिरची म्हणजे दीपक, संघातला चपळ चढाईचा गडी. लसणाच्या पाकळ्या म्हणजे बाकीचे.

"हे बघ गो, कांदा हितं उभा राहतो. जिथं नको तिथंच. आता मिरचीनं काय करायचं?"

"मिरचीनं आमटीत यायचं," प्रयागबाई म्हणायची. "द्या इकडं."

"अगो, पण सामना—"

"सामना राहू द्या. मीठ कोण उचलणार हाय?"

तर त्या दिवशी देवळात श्रीपतनं विचारलं, "संघाबद्दल कुणाला काय बोलायचं हाय?" हे तो दरवर्षी विचारी, आणि दरवर्षी सगळे आढ्याकडे बघत. कारण खडकवाडीची रीत होती, की देवळात उठून जो उणं काढील, त्याच्या हातात देवीपुढचा नारळ द्यायचा. नारळ ज्याच्या हातात, वर्षभर काम त्याचं. रस्त्याबद्दल बोललेल्या माणसानं याच रीतीनं आख्खा पावसाळा दरडीचे दगड उचलले होते. काशीरामला ही रीत ठाऊक होती. पण बांधावर बसून इतकी वर्षं बोलायची सवय झालेल्या माणसाला, जागा बदलली आहे हे आयत्या वेळी लक्षात राहत नाही.

तो उठला आणि म्हणाला, "संघ चालवणाऱ्याला अक्कल लागते."

मग श्रीपतच्या चेहऱ्यावर असा काही आनंद उमटला, जणू डोक्यावरचं पोतं कुणीतरी उतरवून घेतलं. त्यानं लगबगीनं नारळ उचलला, काशीरामच्या ओंजळीत ठेवला आणि वर त्याला मिठीही मारली.

"यंदाचा संघ काशीरामचा," तो म्हणाला. नेमका तेव्हा चहा आला.

घरी प्रयागबाईनं आधी नारळाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"बोललात वाटतं."

"एकच वाक्य."

"बरं झालं. आता माझं पण एक ऐका." तिनं नारळ घेऊन देव्हाऱ्यात ठेवला. "संघ जिंकला तर जेवताना मीठ, मिरची, काय हवं ते मांडा. मी तोंडातून शब्द नाय काढायची. पण हरला, तर या घरात कबड्डी बंद. जेवताना नाय, अंथरुणात नाय. हात ठेवा नारळावर."

काशीरामनं हात ठेवला. क गटात जाणं एक वेळ सोसलं असतं. पण जेवताना कबड्डीबद्दल बोलायचं नाही, तर मग जेवायचं कशाला?

तो जोमानं कामाला लागला. पहिलं काम, चांगूला काढणे. पण संघाला पोलादपूरला न्यायला ट्रॅक्स गाडी हवी होती, आणि वाडीत ट्रॅक्स होती एकट्या चांगूकडे. चांगू नाही तर ट्रॅक्स नाही, आणि ट्रॅक्स नाही तर सात गडी घाटरस्त्यानं चालत गेले असते. चांगू राहिला. दुसरं काम, उडवी हलवणे. पण उडवीतला पेंढा आता म्हशींसाठी काशीरामनंच विकत घेतला होता, आणि त्याच्या गोठ्यात जागा नव्हती. उडवीही राहिली. (कुशाबा बांधावरून हे सगळं पाहत होता. आता तो एकटाच बसायचा, आणि काशीराम दिसला की तंबाखू मळायला खाली मान घालायचा.)

उरल्या जर्सी. त्या त्यानं प्रयागबाईपुढे आणून टाकल्या. "एवढ्या आत घेशील का गो?"

तिनं एकेका गड्याला बोलावून माप घेतलं. दारात उभ्या गड्याला पाणी दिलं, मग चहा, मग भाकरी. टाके घालता घालता ती विचारू लागली. तू कुठं उभा राहतोस रे? डावीकडे म्हणजे कुठं? दीपकनं तिला बोनसची रेषा समजावली. चांगूनं पकड कशी करतात ते दाखवताना मुसळाला मिठी मारली आणि मुसळ खरंच हललं नाही. सगळ्या जर्सी आत घेतल्या गेल्या, चांगूची तेवढी बाहेर काढावी लागली.

सामन्याच्या आदल्या दिवशीच्या सरावात गड्यांची अंगं आंबली. कुणाची पोटरी धरली, कुणाची मान. काशीराम विचारात पडला आणि त्याला एकदम सव गावच्या गरम पाण्याच्या झऱ्याची आठवण झाली. त्याची स्वतःची कंबर गेल्या वर्षी सवच्या कुंडात दोनदा बुडवल्यावर मोकळी झाली होती. शिवाय मुंबईचे मोठे खेळाडू गरम पाण्यानं अंग शेकतात, असं त्यानं वर्तमानपत्रात वाचलं होतं. (तो कागद भज्यांचा होता आणि पुढचा भाग तेलात गेला होता.)

"सकाळी सगळ्यांना सवला नेतो," त्यानं जाहीर केलं. "अंगं सुटतील, आणि तसेच पोलादपूरला उतरवतो."

प्रयागबाई शेवटचा टाका तोडत होती. "अवो, तुमी सववरून आलात की दुपार उलटेपर्यंत घोरता. पोरांना आधी खेळवा, मग भिजवा."

"ते शास्त्र हाय. तुला नाय कळायचं."

सव महाडच्या बाजूला आणि सामना पोलादपुरात, म्हणजे बरोब्बर उलट्या दिशेला. तरी ट्रॅक्स पहाटेच निघाली. कुंडातून वाफा येत होत्या. गडी कण्हत आत उतरले आणि थोड्याच वेळात त्यांच्या चेहऱ्यावर तान्ह्या बाळासारखं समाधान आलं. दीपक तर गळ्यापर्यंत बुडून डोळे मिटून म्हणाला, "काशीभाऊ, असा अध्यक्ष गावाला लाभला नव्हता."

काशीरामला भरून आलं. त्यानं त्यांना आणखी थोडा वेळ राहू दिलं.

एकटा चांगू पाण्यात उतरला नाही. ट्रॅक्सचा हँडब्रेक धरत नव्हता, म्हणून तो गाडीला टेकून उभा राहिला होता. काशीराम मनात म्हणाला, हाच बघा तो कांदा. जिथं नको तिथंच उभा.

परतीच्या वाटेवर गाडीत कुणी बोललं नाही. काशीरामला वाटलं, मनाची तयारी चालली आहे. पोलादपूरला मैदानाशी उतरताना त्यांना एकेकाला हलवावं लागलं.

अध्यक्ष म्हणून काशीरामला मंचावर पाहुण्यांशेजारी खुर्ची मिळाली. गळ्यात झेंडूचा हार घातला गेला. आयुष्यात पहिल्यांदा तो सामना खुर्चीत बसून बघत होता, आणि खुर्चीत बसून ओरडता येत नाही हे त्याला तिथं कळलं. समोर माणसांत त्याला कुशाबा दिसला. बायांच्या घोळक्यात प्रयागबाई दिसली. ती शिवण टिकते की नाही ते बघायला आली होती.

दीपक पहिल्या चढाईला गेला. "कबड्डी, कबड्डी, कबड्डी" असं घुमवत तो थेट बोनस रेषेपर्यंत पोचला. पोलादपूरचे गडी मागे सरले. सगळं मैदान श्वास रोखून बघत होतं, आणि तेवढ्यात दीपकला जांभई आली. जांभई चांगली लांब, मोठी, आतून आलेली होती. तिच्यात कबड्डी केव्हा बुडाली ते त्यालाही कळलं नाही. पंचानं शिट्टी वाजवली. दम तुटला, गडी बाद.

त्यानंतर एकेक गडी पिकल्या फणसासारखा अलगद खाली येत गेला. कुणाचा पाय धरला तर तो सोडवून घेण्याऐवजी तसाच आडवा व्हायचा. बाद झालेले कडेला ओळीनं बसले आणि एकमेकांच्या खांद्यावर डोकी टेकून झोपी गेले.

"काशीराम," गर्दीतून कुशाबाचा आवाज आला, "संघ चालवतोयस का म्हशी डुंबवतोयस?"

सगळे हसले. पाहुण्यांनी काशीरामकडे बघून विचारलं, "कोण हो हा?"

"ओळखीचा नाय," काशीराम म्हणाला.

मैदानात आता चांगू एकटा उरला होता, आणि पूर्ण जागा. समोर सातही गडी. तो आपल्या नेहमीच्या चालीनं हळूहळू चढाईला निघाला. दोघांनी त्याला धरलं. तो दोघांना ओढत मध्यरेषेवर आला, कारण चांगूला थांबवायचं म्हणजे गाडी धरायची, आणि त्याचाही हँडब्रेक लागत नव्हता. दोन गुण मिळाले. त्याबदली आपले दोन गडी आत घ्यायचे होते. आधी त्यांना उठवावं लागलं. ते डोळे चोळत आत आले आणि पुढच्याच चढाईत पुन्हा बाद झाले. चांगू पुन्हा एकटा, पुन्हा गेला, पुन्हा दोघांना ओढत आला. असंच चाललं. चांगू गुण कमवायचा आणि झोपाळू मंडळी ते उधळायची.

बायांच्या घोळक्यातून एक खणखणीत आवाज सारखा येत होता. "चांगू, डावीकडनं जा रे. डावा कोपरा रिकामा हाय. बोनस घे आधी." काशीराम चपापला. हा आवाज त्यानं आजवर फक्त म्हशी वळवताना ऐकला होता.

सामना एका गुणानं गेला. खडकवाडी क गटात गेली. त्या दिवशी संघातल्या शेवटपर्यंत टिकल्या त्या दोनच गोष्टी, चांगू आणि प्रयागबाईची शिवण. परतताना गाडीत गडी चांगले टवटवीत झाले होते. झोप पुरी झाली होती.

रात्री काशीराम पाटावर बसला तो मान खाली घालून. आता ही काय काय बोलेल, याची त्यानं वाटेतच मनात उजळणी केली होती. पण तिनं भाकरी वाढली, आमटी वाढली, आणि मग चिमटीनं मीठ घेऊन सारवलेल्या जमिनीवर एक सरळ रेषा ओढली.

काशीरामचा घास हातातच राहिला.

"बघा," ती म्हणाली, "हा कांदा. याला तुमी सगळे मागं ठेवत आलात. आता मला सांगा, कांद्याला पयल्या चढाईला धाडला असता, तर मिरचीला झोप आवरायला वेळ मिळाला असता की नाय?"

मिळाला असता. शंभर टक्के मिळाला असता. काशीरामच्या तोंडून "अगो, पण मधल्या लसणीनं—" एवढं निघालंच होतं, तोच प्रयागबाईनं मान वर न करता देव्हाऱ्याकडे बोट दाखवलं. नारळ तिथं शेंडी वर करून बसला होता.

काशीरामनं तोंड मिटलं. ती बोलत राहिली. कारभार कसा चुकला, कोपरा कसा रिकामा राहिला, क गटातून वर यायचं तर काय करायला हवं. बोलणं अगदी पटण्यासारखं होतं, त्याचंच होतं म्हणा ना, फक्त जरा जास्त बरोबर. शेवटी त्याला राहवेना. त्यानं शब्द न काढता, हळूच, एका बोटानं लसणाची एक पाकळी थोडीशी उजवीकडे सरकवली.

प्रयागबाईनं त्याच्या हातावर चापटी मारली आणि पाकळी होती तिथं परत ठेवली.

"राहू द्या," ती म्हणाली. "शास्त्र हाय ते. तुमाला नाय कळायचं."