कायमचा मंगळवार

दान करताना घेणाऱ्याची गरज बघावी की देणाऱ्याच्या घरातली अडगळ, याबद्दल शास्त्रात स्पष्ट मार्गदर्शन नाही. शास्त्र लिहिणाऱ्यांच्या घरी जुने संगणक नव्हते.

अनिरुद्धरावांच्या घरी होता. एका कार्यालयातून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झालेले अनिरुद्धराव आमच्या गावच्या देवस्थान समितीचे सचिव आहेत. संगणक मंदिराला दिला तर त्यांना काय मिळणार होतं, ते आधी बघू. एक, घरातलं एक टेबल मोकळं होणार होतं. दोन, त्या टेबलावरून बायको तीन वर्षं जे बोलत होती ते बंद होणार होतं. तीन, मंदिराच्या खांबावर नाव लागणार होतं. आणि चार, भंगारवाला नेतो का ते विचारून झालं होतं, तो नाही म्हणाला होता (हा मुद्दा सत्काराच्या भाषणात आला नाही).

दान झालं, सत्कार झाला, नारळ फुटला.

आता व्यवस्था समजून घ्या, फार सोपी आहे. संगणकात गाणी वाजवायचा एक प्रोग्रॅम आहे आणि सात वारांची सात खाती, म्हणजे फोल्डर. सोमवारी शंकराची आरती, मंगळवारी देवीची, बुधवारी विठ्ठलाची, गुरुवारी दत्ताची, शुक्रवारी महालक्ष्मीची, शनिवारी मारुतीची, रविवारी खंडोबाची. पुजारी नाना पहाटे उठून बटण दाबतात. आज कोणता वार आहे ते प्रोग्रॅम संगणकाच्या तारखेवरून स्वतः ठरवतो आणि भोंग्यातून गावाला कळवतो. पूर्वी वार नाना ठरवत. त्यात चुका होत नव्हत्या, पण आधुनिकताही नव्हती.

या संगणकाला एकच खोड होती. लाईट गेली की त्याला सगळं विसरायला होई, आणि परत आली की तो एक जानेवारी दोन हजार दोनला जागा होई. त्या दिवशी मंगळवार होता. आमच्याकडे लाईट रोज जाते. त्यामुळे गावात रोज देवीची आरती वाजू लागली आणि रोज मंगळवार उगवू लागला. (एकदा सलग छत्तीस तास लाईट राहिली आणि बुधवार आला. विठ्ठलाची आरती ऐकून लोक घाबरून बाहेर आले.)

बाहेरच्या माणसाला वाटेल, गावाने तक्रार केली असेल. गाव एवढं अडाणी नाही. गावात आता दोन वार झाले, एक सरकारी आणि एक मंदिराचा, आणि ज्याला जो सोयीचा तो त्याने घेतला. नीलाबाईंचा मंगळवारचा उपवास असतो. त्यांना रोज साबुदाण्याची खिचडी मिळू लागली. दाढी-कटिंगवाल्याला मंगळवारी कात्री लावायची नसते; तो रोज पाराखाली पत्ते खेळू लागला. "सोमवारी देतो" असं ज्यांनी ज्यांनी सांगितलं होतं, ते सगळे एका झटक्यात वचनाला पक्के ठरले, कारण सोमवार येतच नव्हता. जमनाबाईंनी तेवढा सोळा सोमवारांचा संकल्प सोडून ठेवला होता. त्यांचा पहिलाच अजून यायचा होता.

अशा सुखी गावात दगडोबाला मात्र रविवार हवा होता.

दगडोबाची पन्नास-साठ शेळ्या-मेंढरं आहेत, आणि साक्षी नावाची बारावी झालेली मुलगी. सेनगावकडच्या साखऱ्याचे मुंजाजी आपल्या मुलासाठी तिला बघून गेले होते आणि येत्या रविवारी जेवायला येणार होते. त्यांच्यात मुलाच्या बापाने मुलीच्या घरी मटण खाल्लं की सोयरीक पक्की. नुसता चहा झाला तर कच्ची. गोडधोड झालं तर "बघू". मटणाचे वार तीनच: बुधवार, शुक्रवार, रविवार. इथवर अडचण नव्हती. पण मुंजाजी नेमाचे माणूस. ज्या गावात जेवायचं, वार त्या गावच्या देवाचा, हा त्यांचा तीस वर्षांचा नियम. मंदिरात मंगळवार असताना ते मटणाकडे बघणारही नव्हते. आणि त्याच्या पुढच्या रविवारी त्यांचं जेवण दुसऱ्या एका गावात, दुसऱ्या एका मुलीच्या घरी ठरलेलं होतं, हे त्यांनी प्रामाणिकपणे आधीच सांगून टाकलं होतं.

म्हणजे दगडोबाच्या हातात सहा दिवस होते. तेवढ्यात संगणकाला वार शिकवायचा.

दगडोबाने मंदिरात जाऊन विषय काढल्यावर गाव मदतीला धावलं. मंगळवार जावा अशी कोणाची इच्छा नव्हती, पण संगणकाला हात लावायची संधी रोज येत नाही. झालेले उपचार पुढीलप्रमाणे. माऊसचं उजवं बटण दाबून रिफ्रेश, अंदाजे दोनशे वेळा. गुण नाही, पण करणाऱ्याला बरं वाटलं. बंद करून चालू, एकवीस वेळा. प्रत्येक वेळी मंगळवार. खोक्याच्या डाव्या बाजूला थाप, मग उजव्या. सायकलच्या पंपाने आत हवा. पालीची दोन अंडी निघाली, ती सन्मानाने तुळशीपाशी ठेवली. प्रोग्रॅम काढून पुन्हा घातला. आवाजाबरोबर वरखाली नाचणाऱ्या हिरव्या पट्ट्या दिसू लागल्या, आणि एक संध्याकाळ सगळे मूळ तक्रार विसरून त्या बघत बसले. शेवटी कोणीतरी मंगळवारचं खातंच उडवलं. दुसऱ्या पहाटे प्रोग्रॅम गप्प राहिला, तेव्हा नानांनी स्वतः उभं राहून, सरकारी वार बघून, विठ्ठलाची आरती म्हटली. आवाज नेहमीसारखा स्वच्छ येत नाही अशा अकरा तक्रारी आल्या. खातं परत टाकण्यात आलं.

नानांनी एक सुचवून पाहिलं, की मीच रोज बरोबर वाराचं खातं हाताने उघडत जातो. अनिरुद्धरावांनी विचारलं, मग संगणकाचा उपयोग काय? सूचना मागे घेण्यात आली.

बुधवारी (सरकारी) दगडोबा कुरुंद्याला केतकीकडे गेला. केतकी तिथं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान चालवते. ती आली, खोकं उघडलं, आत बोट दाखवलं. "मामा, हा बटणाएवढा सेल मेलाय. यानंच तारीख लक्षात राहते. तीस रुपयांचा येतो."

"इतकंच?"

"इतकंच."

दगडोबाला हे खरं वाटेना. सहा दिवसांतले तीन ज्यात गेले, तो रोग तीस रुपयांचा निघाला तर कोणालाही अपमान वाटेल.

सेल हा देवस्थानच्या मालमत्तेत बसवायचा भाग असल्याने गुरुवारी समितीची सभा झाली. तीन दुकानांचे दर मागवायचे की नाही यावर दीड तास चर्चा झाली. कायमचा मंगळवार हा आपल्या गावाचा वेगळेपणा आहे आणि तो जपला पाहिजे, असं मत पत्ते खेळणाऱ्यांच्या वतीने आलं. शेवटी दगडोबा उठला.

"सेल मी आनतो. देवाला दिला म्हना. पर रईवारी रईवार व्हायला पायजे, सायेब. पोरीचं काम हाय."

फुकट म्हटल्यावर विरोध मावळला. ठराव एकमताने झाला: श्री. दगडोबा यांनी स्वखुशीने देऊ केलेला सेल स्वीकारण्यात येत असून आजपासून मंदिराचा संगणक बरोबर तारीख दाखवील. सूचक, अनुमोदक, सह्या, शिक्का.

शुक्रवारी दगडोबाला मेंढरांमागून निघता आलं नाही. शनिवारी तो एसटीने हिंगोलीला गेला आणि सेल धोतराच्या सोग्यात बांधून घेऊन आला. रविवारी सकाळी साडेसातला केतकीने तो बसवला. पाहुणे दहाला यायचे होते. बोकड दारात बांधलेला होता, सत्यशीलाने, म्हणजे दगडोबाच्या बायकोने, मसाला वाटायला घेतला होता.

केतकी तारीख टाकू लागली तेवढ्यात अनिरुद्धरावांनी तिचा हात थांबवला आणि ठरावाची वही उघडली. "आजपासून" असं लिहिलंय, ते म्हणाले, आणि ते "आज" गुरुवारचं आहे. तारीख गुरुवारची टाका.

"काका, आज रविवार आहे."

अनिरुद्धरावांनी तिला समजावून सांगितलं. समजावण्यात त्यांचा हात धरणारं तालुक्यात कोणी नाही. आज जर रविवार टाकला, तर गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार हे तीन दिवस संगणकात आलेच नाहीत असं होईल. म्हणजे दत्त, महालक्ष्मी आणि मारुती या तीन देवांची सेवा समितीने बुडवली असं दप्तरात दिसेल. ते उत्तर कोण देणार? कामाला उशीर झाला म्हणून देवाचा हक्क बुडत नाही. सगळे वार क्रमाने येतील, कोणावर अन्याय होणार नाही.

त्यांनी गुरुवार टाकून घेतला, आणि पुन्हा कोणी छेडछाड करू नये म्हणून वर पासवर्ड बसवला. लाईट गेली, आली. तारीख हलली नाही. दुरुस्ती शंभर टक्के यशस्वी झाली होती. केतकी म्हणाली, हा सेल पाच-सात वर्षं सहज जाईल.

दहा वाजता मुंजाजी सात माणसं घेऊन वेशीतून आत आले, तेव्हा दुरुस्तीच्या आनंदात लावलेली दत्ताची आरती भोंग्यावर चालू होती. मुंजाजींनी जागच्या जागी चपला काढून हात जोडले.

"पाव्हनं, हे काय? रईवार म्हनून बोलावलं अन् तुमच्या गावात तर गुरुवार हाय."

मटण रद्द झालं. सत्यशीलाने मसाला झाकून ठेवला, हरभऱ्याची डाळ शिजायला घातली आणि दोन तासांत पुरणपोळी वाढली. मुंजाजी पाच पोळ्या जेवले, साक्षीचं कौतुक केलं, आणि हात धुता धुता म्हणाले, "बघू."

उठायची वेळ झाली. दुसऱ्या गावचा रविवार आठ दिवसांवर होता. तेव्हा सत्यशीला पदर सावरत चौकटीत आली.

"भावजी, एक इचारू? तुमी वार जेवायच्या गावचा धरता न्हवं?"

"व्हय. तीस वर्सं झाली."

"मंग आमच्या गावचा रईवार ह्या बुधवारी हाय. त्या दुसऱ्या गावाच्या चार दिस आदी येऊन राहिला. काहून चुकवता?"

मुंजाजींनी बोटं मोजली. दोनदा मोजली. नेम त्यांचाच होता, त्यातून वाट नव्हती. शिवाय ज्या घरात आई असा हिशेब करते, तिथली लेक आपल्या घरात काय काय वाचवील, हाही विचार चेहऱ्यावर येऊन गेला. बुधवारी खंडोबाची आरती वाजली. मुंजाजी बावीस माणसं घेऊन आले, दोनदा रस्सा मागून घेतला आणि सोयरीक पक्की झाली.

गाव तेव्हापासून तीन दिवस मागे चालतंय, अत्यंत नियमितपणे. जमनाबाईंचा पहिला सोमवार गुरुवारी झाला.

आता कोणी काय भरलं ते मांडून टाकू. देवस्थान समिती: काही नाही. अनिरुद्धराव: एक पासवर्ड. केतकी: दोन खेपा आणि अर्धी सकाळ, मोबदला एक कप चहा. दगडोबा: तीस रुपये, एसटीचं तिकीट, पुरणपोळीची एक पंगत आणि मटणाची दुसरी. बोकड: सगळंच, पण समितीच्या कारभारामुळे ते त्याला तीन दिवस उशिरा भरावं लागलं, म्हणजे ठरावाचा निव्वळ फायदा झालेला गावातला तो एकमेव.

राहिलात तुम्ही. तुम्ही दहा मिनिटं भरलीत आणि एका खेड्याला हसून घेतलंत, तो तुमचा हक्क आहे. फक्त आज कोणता वार आहे तेवढं सांगून जा. मोबाईल खिशातच राहू द्या.