मानाच्या जाळीची हकीकत

श्रीगजवदनास वंदून, सद्गुरूंचे पायी मस्तक ठेवून, शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभननाम संवत्सरापासोन एका राज्यात जाले ते वर्तमान लिहिले आहे, ऐसीजे.

त्या राज्यात विश्वंभरबुवा हरिदास होते. देह स्थूल, आवाज बेंबीच्या देठापासून, आणि नाम घेता घेता ऐसे उडत की वीणेकऱ्यांनी बाजूस सरावे. त्यांच्या आतड्यास पीळ पडला. शस्त्रवैद्या मैनाबाई यांनी पाहून सांगितले, "बुवा, पोट उघडावे लागेल. पण नुसते शिवले तर तुम्ही गाल, उडाल, शिवण आतून उसवेल आणि आतडे बाहेर येऊन अंतर्गळ होईल. शिवताना आत जाळी घालू. मांस तिच्यात वाढून एकजीव होते." बुवा म्हणाले, "बाई, जाळी घाला की गोणपाट घाला, माझे कीर्तन तेवढे राखा."

परंतु जाळी सरकारी कोठीतून यावयाची, आणि राज्याची रीत ऐसी की, सरकारातून कोणाच्या अंगास काही लागणे ते मान म्हणोन भर दरबारी लागावे. मग दिवाण नरसोपंत यांनी जाळी अडकवून ठेविली आणि दरबारास मुहूर्त पाहो लागले. आतडे मुहूर्त पाहीना. मैनाबाईंनी बिनजाळीचेच पोट शिविले आणि बुवा वाचले. मग पुढे मुहूर्त लागला, आणि नरसोपंतांनी जाळीस जरीचा काठ लावून, मोहोर करून, वाजंत्री लावून ती बुवांच्या अंगरख्यावरून पोटास बांधिली. शहाणपणाची तो सीमाच जाली.

मैनाबाई बोलिल्या, "पंत, ही आत घालायची होती."

पंत हसोन म्हणाले, "आत घातली तर लोकांस दिसेल काय? शिकल्यासवरल्या तुम्ही, इतुकेही कळू नये?"

दरबाराने माना डोलाविल्या. माना त्यांस त्याच कामास दिधल्या होत्या.

मग नृसिंहजयंतीस बुवा कीर्तनास उभे राहिले. खांब फुटोन देव प्रगटला, तो प्रसंग आला आणि बुवांनी उडी घेतली आणि आतली शिवण उसवली. जाळीखाली नारळाएवढा फुगा आला, आणि बुवांचा स्वर मध्येच तुटला. पुढच्या रांगेत पंत शेजाऱ्यास सांगत होते, "पाहा, जाळी कैसी उठून दिसते." बुवा घामाघूम होवोन मनी म्हणाले, देवा, खांबातून यावयाचे ते माझ्या पोटातून का येतोस? आता पुन्हा तुझ्यापुढे उभे राहणे आहे की नाही? त्यांचे कुटुंब अहिल्याकाकू पुढे जालिया आणि बोलिल्या, "अहो, तो मान आधी सोडा आणि बाईंकडे चला."

मैनाबाईंनी दरबारास न पुसता पोट पुन्हा उघडिले, आतडे आत सारिले, कोठीतली दुसरी जाळी आत घातली आणि मग शिविले. बुवांस वर्षभर उडी वर्ज्य केली. त्यांनी बसोन कीर्तने केली, तेणे रस काही उणा जाला नाही.

पुढील नृसिंहजयंतीस बुवा उभे राहिले. खांब फुटला, उडी जाली, स्वर अखंड राहिला, आणि श्रोत्यांचे डोळे पाणावले. आरतीनंतर पंत रागे भरोन पुसते जाले, "बुवा, सरकारचा मान अंगावर दिसत नाही तो?"

बुवांनी पोटावर हात ठेविला. "आत आहे, पंत. देवाशेजारी. तोही दिसत नाही."

तात्पर्य, आतली जाळी बुवांस राखिते आहे. बाहेरची जरीकाठी जाळी अहिल्याकाकूंनी प्रसादाच्या पेढ्यांवर झाकिली, तेणे माशा बसत नाहीत. दरबाराच्या हातून घडले ते लोकोपयोगी कार्य इतुकेच. हे वर्तमान येथे पुरे जाले.