मुक्कामी गाडी

इंद्रजीतची जुनी चारचाकी इलेक्ट्रिक गाडी शहरातल्या उस्मानपुऱ्यातून सासुरवाडीला, म्हणजे बिडकीनला, धापा टाकत का होईना पोचायची. परत यायचं मात्र नाव काढायची नाही. सीटखालच्या शिशाच्या बॅटऱ्या तिथेच मान टाकायच्या आणि दुसऱ्या दिवशी नऊ वाजेपर्यंत चार्जिंग खात बसायच्या. त्यामुळे रविवारी उभ्या उभ्या भेटून यायचं म्हटलं तरी मुक्काम ठरलेला. सासूबाई आवडाबाई खूश, बायको प्रेरणा खूश आणि इंद्रजीत सोमवारी ऑफिसात उशिरा. नव्या साहेबांनी शेवटची ताकीद दिली होती. आता एक सोमवार जरी चुकला, तरी त्याची बदली थेट नांदेडला होणार होती.

शेवटी त्याने मन घट्ट करून लिथियम बॅटरी बसवून घेतली. गाडी हलकी झाली, वाऱ्यासारखी पळायला लागली. मेकॅनिक मोतीरामने एवढंच बजावलं, "काट्याकडं बघू नका साहेब. त्यो जुन्या बॅटरीचा हाय. ही शेवटपत्तुर फुल्लच दाखवनार आन् एकदम बसनार. खरं काय ते मोबाइलवर बघायचं."

रविवारी गाडी बिडकीनच्या अंगणात शिरली, तेव्हा सासरे रामकिसन नेहमीप्रमाणे चार्जिंगची वायर घेऊन उभेच होते.

"राहू द्या मामा," इंद्रजीत ऐटीत उतरला. "आता त्याची गरज नाही. जेवण झालं की निघणार आम्ही."

आवडाबाईंचा चेहरा उतरला. "निघनार म्हंजी? आजच?"

"नवी बॅटरी आहे, मामी. दिवसभर हिंडवली तरी संपायची नाही."

हे शेवटचं वाक्य गरजेपेक्षा जास्त झालं. पण माणसाने नवीन वस्तू घेतली, की तो एक वाक्य जास्त बोलतोच.

"दिवसभर?" आवडाबाईंनी विचारलं.

"अगदी दिवसभर."

त्या थेट पानं वाढायला आत गेल्या. त्यांनी जावयाच्या ताटात आणखी एक पुरणपोळी वाढली, वर तुपाची धार सोडली आणि नको नको म्हणत असताना अजून एक वाढली. एवढं पोटात गेल्यावर शहाणा माणूससुद्धा आडवा होतो. इंद्रजीतला चार वाजता जाग आली, तेव्हा अंगण मोकळं होतं.

"गाडी कुठंय?"

"बाबा आईला शेताकडं घेऊन गेलेत," प्रेरणा म्हणाली. "येतीलच एवढ्यात."

पाच वाजले तरी कोणी आलं नाही. इंद्रजीतने फोन लावला.

"पाचोडला हाव आम्ही," रामकिसन आनंदात होते. "हिच्या बहिनीकडं, द्वारकाबाईकडं. लई दिसांची भेट राहिली व्हती."

"पाचोडला? एवढ्या लांब? मामा, बॅटरी..."

"काळजी करू नका. काटा फुल्ल हाय."

"मामा, त्या काट्याकडे बघू नका!"

"बरं बरं, समोर बघूनच चालवतो," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. ट्रॅक्टरवर उभा जन्म काढलेल्या माणसाला बिनगिअरची गाडी म्हणजे खेळणंच होतं. इंद्रजीतने मोबाइलवर बॅटरी बघायचा प्रयत्न केला. गाडी जवळ असल्याशिवाय काही दिसणार नाही, असं मोबाइलने कळवलं.

दिवेलागणीला गाडी जवळ आली, पण शेजारच्या पुंजारामच्या ट्रॅक्टरमागे, दोराला बांधून. मागून गल्लीतली सगळी पोरं. पुढच्या सीटवर आवडाबाई मांडीवर पेरूंची पिशवी घेऊन ताठ बसल्या होत्या. रामकिसन स्टिअरिंग धरून उतरायलाच तयार नव्हते.

"काटा अजूनबी फुल्लच हाय बघा," ते म्हणाले. "गाडी तेवढी बंद पडली."

आता बोलून उपयोग नव्हता. इंद्रजीतने स्वतःच वायर आणली, गाडीला लावली आणि नांदेडात भाड्याने घर कितीला मिळत असेल, या विचारात ओट्यावर बसला. मग त्याने मोबाइल बघितला. पहाटे चारला चार्जिंग पूर्ण. म्हणजे सकाळी सातला निघालं, तरी तो साहेबांच्या आधी ऑफिसात. त्याच्या जिवात जीव आला.

ही बातमी सांगायला तो आत निघाला, तर स्वयंपाकघरातून आवडाबाईंचा आवाज आला. मुलीच्या डोक्याला तेल लावता लावता त्या सांगत होत्या, "पयली बॅटरी बिचारी आपसूक बसायची. हिला बसवायला पाक पाचोडपत्तुर जावं लागलं बाई. तुझा बाप म्हने, आता घरी चल. मी म्हनलं, अजून जरा फिरवा."

इंद्रजीत दारातच थांबला. त्याला रागवायचं होतं, पण प्रेरणाचं मिटल्या डोळ्यांचं समाधान बघून ते काही जमेना. उलट आपणच काहीतरी चोरून न्यायला निघालो होतो, असं त्याला वाटलं.

"मामी," तो म्हणाला, "पुढच्या रविवारपासून मी आपणहून राहतो. बॅटरी संपवायला तुम्ही उन्हातान्हात हिंडायची गरज नाही."

आवडाबाई क्षणभर ओशाळल्या. मग तेलाची वाटी बाजूला ठेवून म्हणाल्या, "ऱ्हावा की, जावईबापू, तुमचंच घर हाय. पर हिंडायचं बंद करू नका. पैठन ऱ्हायलंय अजून."