आप्पांचा पाचवा पट्टा

संध्याकाळचे पाच वाजले की आमचे शेजारी आप्पा खिळ्यांचा पट्टा बांधतात. कुत्र्याच्या गळ्यात नव्हे, स्वतःच्या. ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचा पट्टा, त्यातून बाहेर आलेले दीड-दीड इंचाचे खिळे आणि वर आप्पांचं सदा काळजीत बुडालेलं तोंड. दळण घेऊन आमच्या गिरणीवर नवीन कुणी आलं की आधी आप्पांकडं बघतं, मग माझ्याकडं. मी सांगते, घाबरू नका, चावत नाहीत.

इनामगावच्या अलीकडं, घोडनदीच्या काठाला आमची वस्ती. चारी बाजूंनी ऊस आणि उसात बिबट्या. बिबट्या आधी मान धरतो म्हणून रानात जाताना असे पट्टे आता पुष्कळ जण घालतात. पण ती माणसं घरी आली की पट्टा काढून खुंटीला अडकवतात. आप्पा पट्ट्यासकट भाकरी खातात. त्यांच्या आज्याची मेंढरं होती आणि मेंढरामागच्या कुत्र्यांच्या गळ्यात असेच पट्टे असायचे. कुत्र्याला जे कळलं ते माणसाला कळू नये का, असा त्यांचा सवाल असतो.

आप्पांचं कुठलंही बोलणं "धरून चाला" पासून सुरू होतं. धरून चाला, दूध नासलं. धरून चाला, मोटर जळाली. एकदा म्हणाले, "सुमन, धरून चाल, तुझ्या गिरणीचा पट्टा तुटला." दुसऱ्या दिवशी तो तुटला. तेव्हापासून दळण चालू असलं की मी त्यांना गिरणीच्या उंबऱ्याच्या आत घेत नाही.

अशा माणसाला कार्टूनचं वेड लागेल असं कुणाला वाटलं असतं? पण लागलं. त्यांची नात ओवी, नऊ वर्षांची, दौंडला असते. मुलगा रेल्वेत, त्याच्या ड्युटीला ना दिवस ना रात्र. सून वर्षा नर्स आहे. ओवी प्रत्येक सुट्टीला आप्पांकडं येते, आणि गेल्या उन्हाळ्यात येताना तिनं मोबाईलमध्ये एक पिक्चर आणलं. नाव मला आजही नीट उच्चारता येत नाही. त्यात एक घर आहे. बाप वारा थांबवतो, आई दहा कोसांवरचं ऐकते, पोरगी पाण्यावर उभी राहते, धाकट्याशी पाखरं बोलतात. पाचवा एक म्हातारा. त्याला काहीच येत नाही. खोकतो आणि चष्मा शोधतो, एवढंच.

तर मधेच शहरावर राक्षस येतो. सगळे उडत्या गाडीत बसून सुसाट निघतात, आणि अर्ध्या वाटेत आईच्या ध्यानात येतं की म्हातारा घरीच राहिला. गाडी हवेतच वळते आणि माघारी येते. एवढा एक तुकडा आप्पा ओवीला पुन्हा पुन्हा मागं घ्यायला लावायचे. मी म्हणायची, आप्पा, तेवढ्यात राक्षसानं अर्धं शहर खाल्लं की. त्यावर ते शांतपणे म्हणायचे, खाऊ दे, शहर पुन्हा बांधता येतं.

पुढं वनखात्याचे साहेब वस्तीवर सभा घ्यायला आले. एकटं फिरू नका, उजेड ठेवा, पिंजरा मागवलाय, असं सगळं त्यांनी सांगितलं. कुणाला काही विचारायचंय का म्हटल्यावर आप्पा उठले आणि त्यांनी अख्खं पिक्चर सांगितलं. राक्षसाच्या आरोळीसकट. शेवटी म्हणाले, "सायेब, बाकीचं हिरो एकटंच उडत्यात. घरात कोण ऱ्हायलं, कोण न्हाई, त्यांना पत्ता नसतो. हितं समदं घर एकदम निघतंय. म्हणून ह्ये पिक्चर येगळं हाय." साहेबांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं असेल ते त्यांनाच ठाऊक.

दिवाळीच्या सुट्टीत ओवी आली आणि तिसऱ्याच दिवशी आप्पांच्या गोठ्यामागं पंजाचे ठसे उमटले. ही बातमी दौंडला पोचायला कितीसा वेळ लागणार. वर्षाचा फोन आला, रविवारी ड्युटी संपवून येते, मुक्काम करते आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघते. बरोबर वाटलं नाही तर ओवीला घेऊन जाईन, आणि वाघ धरला जात नाही तोवर सुट्टीचं नाव काढायचं नाही.

आप्पा गिरणीवर आले. दळण चालू होतं तरी मी त्यांना आत घेतलं. पोत्यावर बसून म्हणाले, "धरून चाल, पोरगी परत..." आणि पोत्याची सुतळी उसवत बसले. आप्पांचं धरून चालणं अर्ध्यात तुटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

मग त्यांनी ठरवलं की वर्षाला घराचा बंदोबस्तच दाखवायचा, पिक्चरमधल्यासारखा. प्रत्येकाला एक काम. ओवी ओट्यावर शिट्टी घेऊन. आप्पा पत्र्याचा डबा आणि काठी घेऊन, जोडीला दिवाळीतले उरलेले सुतळी बॉम्ब. माझ्याकडं गिरणीवरचा हॅलोजन. शिट्टी, डबा, उजेड. तीन दिवस तालीम चालली. बिबट्याचं कामही माझ्याच वाट्याला आलं. गिऱ्हाईक ताटकळत उभं आणि मी उसाच्या कडेनं गुडघ्यांवर रांगतेय. आमचे मालक, म्हणजे नवरा, पाटसच्या बाजूला साखर कारखान्यावर असतात, गाळप सुरू झालं की आठ-आठ दिवस घरी येत नाहीत, म्हणून ते दृश्य त्यांना बघायला मिळालं नाही.

पट्टेही नवे झाले. चार पट्टे, चौघांची नावं खडूनं लिहिलेली. आप्पा, मुलगा, सून, नात. पाचवा बिननावाचा. हा कुणाचा म्हणून विचारलं तर म्हणाले, लागल कुणाला तरी. पिक्चरमध्ये पाच जण आहेत म्हणून यांनीही पाच केले असतील, असं म्हणून मी सोडून दिलं.

रविवारी पाच वाजले, साडेपाच वाजले, वर्षाचा पत्ता नाही. फोन लागेना. आप्पा ओट्यावरून गोठ्याकडं आणि गोठ्यातून ओट्याकडं येरझारा घालत होते. दिवस मावळला. आणि शेजारच्या फडातला ऊस हलला. पाचटातून सळसळ जवळ आली, मग पिवळट तपकिरी, ठिपक्या-ठिपक्यांचं काहीतरी दिसलं. ओवीनं शिट्टी फुंकली. आप्पांनी डबा बडवला, मी हॅलोजन लावला, पाठोपाठ दोन सुतळी बॉम्ब वाजले. तालमीत कधी जमलं नव्हतं इतकं बिनचूक सगळं जमलं.

बॉम्बचा धूर निवळला तेव्हा उसाच्या पाटात वर्षा बसलेली होती. कमरेपर्यंत चिखल, तोंडाला स्टोल. स्टोल तपकिरी, ठिपक्यांचा. स्कूटर कॅनॉलवर पंक्चर झाली, मोबाईल बंद पडला, म्हणून बाई जवळच्या पायवाटेनं चालत आली होती. घरची सून दिवेलागणीला घरी आली आणि आम्ही तिला वाघ समजून हाकलली. मला हसू येत होतं आणि रडूही.

वर्षानं चहा संपवून कप खाली ठेवला. मग बोलली ती एकदम. "आप्पा, शाळेत ही बाकाखाली वाघ शोधते. बाईंनी मला बोलावून घेतलं होतं. तुम्ही हिला सांभाळत नाही, भीती घालताय. उद्या मी हिला घेऊन जाणार."

आप्पा फक्त "व्हय" म्हणाले. आत गेले आणि तिच्या नावाचा पट्टा आणून तिच्यासमोर ठेवला. मला वाटलं, आता ही तो भिरकावते. तिनं उचलला, उलटा केला. आतून मऊ अस्तर होतं, खिळ्यांची डोकी टोचू नयेत म्हणून दुहेरी शिवलेलं. जांभळ्या काठाचं कापड तिनं लगेच ओळखलं. गेलेल्या सासूबाईंचं लुगडं. आप्पांनी ते पाच वर्षं पेटीतून बाहेर काढलं नव्हतं. मग तिनं आप्पांच्या मानेकडं पाहिलं. नर्सची नजर. तिथं ट्यूब घासून लाल वळ उठले होते.

"तुमच्या पट्ट्याला अस्तर नाही?"

"कापड संपलं."

वर्षानं पर्समधून मलम काढलं आणि त्यांच्या मानेला लावलं. आप्पा मान खाली घालून बसले होते. मी दळण राहिलंय म्हणून उठले. दळण काही राहिलं नव्हतं.

पण सकाळी स्कूटरचं पंक्चर काढून आणलं आणि ती निघालीच. मेंढरामागच्या माणसासारखे आप्पा स्कूटरभोवती फिरत होते. बाटली घेतली का, हवा बघितली का, धरून चाला, वाटेत पुन्हा पंक्चर झाली. राहू दे, असं एकदाही म्हणाले नाहीत. स्कूटर मोरीच्या वळणाला दिसेनाशी झाली तरी ते तिथंच उभे. मी गिरणीच्या दारातून बघत होते आणि मला वर्षाचा राग येत होता. तिचं चुकलं नव्हतं, तरी येत होता.

आणि स्कूटर वळणावरून माघारी आली.

"आप्पा, राहिलंय," वर्षा म्हणाली.

आप्पा लगबगीनं घरात पळाले. बाटली हाय का बघ, चार्जर हाय का बघ, आतून भांड्यांचा खडखडाट. ओवी फिदीफिदी हसत होती. वर्षानं दारातूनच हाक मारली, "सामान नाही राहिलं. तुम्ही राहिलाय. सुट्टी संपेपर्यंत चला आमच्याकडं. पुढच्या सुट्टीला हिला तुम्हीच घेऊन या. फक्त ते बॉम्ब नकोत."

आतला खडखडाट थांबला. बऱ्याच वेळानं आप्पा बाहेर आले, डोळे पुसलेले, हातात पिशवी. गाईचं कसं, म्हणाले. गाय मी बघते, म्हटलं. स्कूटरवर बसायच्या आधी ते माझ्याकडं आले आणि पिशवीतून पाचवा पट्टा काढला.

"तुझं मालक कारखान्यावर. तू एकटी. दिस मावळायच्या आत घालत जा."

मी उलटा करून पाहिला. आत जांभळा काठ होता. म्हणजे कापड संपलं ते इथं.

दौंडहून रोज पाचला त्यांचा फोन येत होता. आधी गाईचं विचारायचे, मग पट्ट्याचं. पहिले दोन दिवस मी नुसतंच "घातलाय" म्हणाले. तिसऱ्या दिवशी फोन यायच्या आधीच मी गिरणी थांबवली आणि पट्टा बांधून बसले.