बोकडाला फेट्याचा अहेर

"जालना मला तोंडपाठ हाये!" वाटूरचे कडूबा पाटील परतूरला गाडीत बसल्यापासून चौथ्यांदा म्हणाले. "डोळे बांधून सोड, सरळ महादेवाच्या पिंडीपुढं निघंन!"

"डोळे नका बांधू," त्यांच्या कारभारीण साळूबाई म्हणाल्या. "बोचकं तेवढं संभाळा."

बोचक्यात देवाला वाहायचा चांदीचा चिमुकला पाळणा होता. लग्नानंतर नऊ वर्षांनी लेक तुळजाला मुलगा झाला होता. जुन्या जालन्यातल्या पुरातन दगडी देवळात नवस पाटलांनीच बोलला होता, आणि तुळजाच्या सासूनं बजावलं होतं, "नवस फिटल्याबिगर पोरगं पाळण्यात पडणार न्हाई!" बारसं आज संध्याकाळी, मस्तगडला तुळजाच्या सासरी. आणि देवळाचा गाभारा बाराला बंद!

स्टेशनाबाहेर मुनीरच्या टांग्यात फरजानाबी आधीच बसल्या होत्या. मुलगा लढाईवरून सुखरूप परतला, म्हणून दर्ग्यावर चादर चढवायला निघालेल्या. त्यांच्याही मांडीशी तसंच पांढरं बोचकं. वाटभर पाटील त्यांना आपल्या नवसाचं सांगत गाव दाखवत होते. "हे जैनाचं मंदिर, ते गोऱ्यांचं चर्च, अन् तिकडं तुमचा दर्गा!"

"भाईसाब," फरजानाबी शेवटी म्हणाल्या, "मैं तो यहींच पैदा हुई!"

चौकात टांगा थांबला. पाटलांनी ऐटीत बोचकं उचललं आणि उतरले. बोचकं दुसरं!

देवळात बद्रीनाथ गुरवानं गाठ सोडली, तर आतून सळसळत हिरवीगार चादर निघाली. चारी कडांना झगझगीत जरीचा गोटा! गुरवानं पाटलांकडं पाहिलं. पाटलांनी नंदीकडं पाहिलं. साळूबाईंनी पाटलांकडं असं पाहिलं, की नंदीच्या जागी जिता बैल असता तर दावं तोडून पळाला असता!

"शाल हाये," पाटील चाचरले. "महादेवाला थंडी..."

"वैशाखात?" गुरवानं विचारलं.

"पळा!" साळूबाई कडाडल्या. "मी या पायरीवरून हालत न्हाई. ती बाई आली तर चुकामूक नको!"

पाटील चादर काखोटीला मारून पळाले. दर्ग्याच्या दारात मुजावर सिराजोद्दीन चाचांनी कपाळाला हात लावला. "पाळणेवाले पाटील तुमीच का? अवो, फरजानाबी आत्ताच तुमच्या देवळाकडं गेली! सीधा रस्ता धरा, जल्दी!"

"सीधा कशाला? आडव्या बोळीनं गाठतो!"

आडवी बोळ निघाली थेट बकऱ्यांच्या बाजारात. तिथल्या एका दाढीवाल्या बोकडाला वाटलं, वैशाखात हिरवं गवत चालत आलं! त्यानं चादरीचं टोक धरलं. एका बाजूनं पाटील, दुसऱ्या बाजूनं बोकड. भोवती माणसं जमली. निम्मी बोकडाच्या बाजूनं!

"सोड रे! दुसऱ्याची अमानत हाये!" पाटील घामाघूम झाले. त्या बाईनं किती रात्री जागून हा गोटा टाचला असंल, असं त्यांच्या मनात आलं. पोराची वाट बघणं काय असतं, ते त्यांनी नऊ वर्षं लेकीच्या डोळ्यांत पाहिलं होतं. त्यांनी डोक्यावरचा फेटा काढला. खास बारशासाठी घेतलेला, कोरा, रेशमी! तो बोकडापुढं टाकला. बोकडानं दोन्हींचा वास घेतला आणि फेटा पसंत केला.

बोडक्या डोक्यानं पाटील देवळाशी पोचले तेव्हा बाराचे टोल पडून गेले होते. गाभाऱ्याला कुलूप!

पायरीवर साळूबाई आणि फरजानाबी एकाच फडक्यातली दशमी खात बसल्या होत्या.

"पाळणा?" पाटलांनी धापा टाकत विचारलं.

"टांगला. या बाई पळत आल्या, गुरवानं कुलूप हातात धरून वाट पाह्यली."

"पण नवस मी बोललो व्हतो!"

"बोलले तुम्ही, फेडला मी. लेक दोघांची हाये."

फरजानाबींनी चादर उलगडून चारी कडा तपासल्या. एकही टाका उसवला नव्हता! "और भाईसाब, आपका फेटा?"

"बोकडाला अहेर केला," पाटील पुटपुटले.

मग तिघंही मिळून दर्ग्यावर गेले. बोडक्या डोक्यानं आत कसं जायचं? सिराजोद्दीन चाचांनी आपली जाळीची टोपी पाटलांच्या डोक्यावर ठेवली. चादर चढली. फरजानाबींचे डोळे भरून आले, आणि पाटलांना उगीच धुराचा ठसका लागला.

"आज आमच्या घरी बारसं हाये," साळूबाई म्हणाल्या. "तुमी यायचंच!"

संध्याकाळी मस्तगडच्या घरात बायकांची ही गर्दी. फरजानाबी साळूबाईंच्या शेजारी मानानं बसलेल्या. पाटील उंबऱ्यातून आत आले, तशी विहीणबाईंची नजर त्यांच्या डोक्यावर खिळली.

"व्याही, नवस नक्की कोन्या देवाला बोलल्ता?"

पाटलांचा हात डोक्याकडं गेला. टोपी!

"देव दोन्हीकडचा पावला," म्हणत साळूबाईंनी नातवाला अलगद पाळण्यात घातलं, आणि फरजानाबींनी पहिला झोका दिला.

पाटलांनी टोपी काढायला हात वर नेला खरा. पण खाली लख्ख टक्कल होतं, आणि समोर सगळे व्याही! त्यांनी टोपी जरा सरळ केली आणि घुगऱ्यांच्या ताटापुढं बसले.