दोन्ही अंगाला बराबर

संगिताचं लग्न झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे सत्त्याण्णव साली, पुनमचंदने जीप घेतली. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि हिंगोलीच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं होतं, "बाळ पायाळू आहे. घरी करायचं नाही. दुखायला लागलं की सरळ इकडे आणा." बाई बोलून मोकळ्या झाल्या. त्यांनी पुनमचंदचा बंजारा तांडा पाहिला नव्हता. तांडा डोंगरावर, सेनगावच्या सडकेपासून दोन कोस आत, आणि मधे खिंड. खिंडीतली वाट म्हणजे धोंडे, घसरडा मुरूम आणि एका बाजूला दरी. पुनमचंद त्याच दिवशी गाडी शोधायला निघाला.

कनेरगाव नाक्यावरच्या गोपीचंद मिस्त्रीने जुनी फोर-व्हील जीप मिळवून दिली. "गाडी वाघ हाय काका," तो म्हणाला, "पण डोंगराला नुसती गाडी पुरत न्हाई. सामान लागते."

"काय काय लागते?"

"खोल नक्षीचे टायर. स्टेपनी. जॅक. फसली तर ओढायला तारेचा दोर. रेडिएटरसाठी पाण्याचा कॅन. पुढं लोखंडी गार्ड."

"अजून काही राहिलं असंल तर तेबी टाक. पोरीचा सवाल हाय."

पोरीचा सवाल म्हटल्यावर गोपीचंदलाही आणखी बरंच आठवलं.

जीप तांड्यावर आली. पुनमचंदचा बाप वसराम काठी टेकत तिच्याभोवती तीनदा फिरला. म्हातारा सत्तरीचा. लहानपणी आजोबांच्या माल लादलेल्या, लदणीच्या बैलांमागे धान्य-मिठाच्या गोण्यांबरोबर घाट चढलेला.

"हे चाक इकडं काहून टांगलं?"

"स्टेपनी हाय, बा."

"मंग त्या अंगाला काय?"

"त्या अंगाला काही न्हाई."

"एका अंगाला गोणी अन् दुसरं अंग मोकळं? अन् असा घाट उतरणार तू? बैल दरीत जाईल."

"बा, ही जीप हाय. बैल न्हाई."

"दरीला काय माहीत?"

पुनमचंद हसायला गेला, पण हसू आलं नाही. खिंड डोळ्यांपुढे उभी राहिली. दुसऱ्या दिवशी तो नाक्यावर जाऊन आणखी एक स्टेपनी घेऊन आला.

मग थांबणंच नव्हतं. डावीकडे पाण्याचा कॅन लागला, उजवीकडेही लागला. जॅक आणि पान्यांची पेटी एका कडेला, तर दुसऱ्या कडेला बायकोचा, मोतीबाईचा पाटा-वरवंटा. "अवं, मी वाटण कशावर वाटू?" मोतीबाई ओरडली. "पोरगी मोकळी होईस्तोवर बिनवाटणाचं खाऊ," पुनमचंद म्हणाला.

शेवटी वसरामने खरा प्रश्न काढला. "पोरगी कोण्या अंगाला बसंल?"

"डाव्या."

"तिचं वजन किती?"

सोयाबीन मोजायचा काटा अंगणात मांडला. संगिता दारातून हलेना. "मी काय माल हाय का, बा? अख्खा तांडा बघून राहिला!"

"चढ माय, तुझ्याच जिवासाठी," पुनमचंद म्हणाला.

अठ्ठावन्न किलो भरली. तेवढं सोयाबीन पोत्यात भरून उजव्या सीटवर बांधलं. दर आठ दिवसांनी संगिता काट्यावर चढायची आणि पोत्यात दोन-चार मुठी सोयाबीन पडायचं. तिने एखादी भाकर जास्त खाल्ली तरी पुनमचंद पोत्याकडे बघायचा.

मंगळवारी, सेनगावच्या बाजाराच्या दिवशी, सकाळीच तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. पाच मिनिटांत जीप निघाली. संगिता डावीकडे, पोतं उजवीकडे, मोतीबाई बरोबर मधे, आणि वसराम पुढे पुनमचंदशेजारी. पुनमचंदपेक्षा म्हातारा हलका म्हणून त्याच्या मांडीवर एक दगड. खिंडीच्या चढावर जीप कण्हली, थांबली, आणि खालून कडाड असा आवाज आला. मागच्या चाकावरचा स्प्रिंगचा पाटा ओझ्याने तुटला होता.

"सामान उतरवा!" पुनमचंद ओरडला आणि डावीकडच्या स्टेपनीला हात घातला.

"एकट्या अंगाचं काढू नको!" वसराम त्याहून मोठ्याने ओरडला. "जोडीनं काढ!"

"बा, लेकरू येऊन राहिलं!"

"म्हणून तर सांगून राहिलो!"

मग एक डावीकडून, एक उजवीकडून असं सामान उतरू लागलं. आत संगिता आईचा हात धरून विव्हळत होती. "याडी, ह्यांना सांग, मला तरी आधी उतरवा."

"पोरगी उतरली तर सोयाबीनबी उतरवा!" वसराम म्हणाला.

तेवढ्यात मागून, बाजाराला माणसं नेणाऱ्या रामप्रसादची जीप आली. आत चौदा माणसं, आणि डोंगराच्या बाजूला बाहेर लटकलेली सात. गाडी त्या अंगाला पार झुकलेली. रामप्रसादने वाटेवरच्या सामानाच्या दोन रांगा पाहिल्या. "काय काका, बाजार हितंच मांडला काय?"

संगिताचा आवाज ऐकल्यावर त्याची थट्टा जागेवर संपली. माणसांनी उड्या टाकल्या, पुनमचंदची जीप ढकलून कडेला लावली आणि रामप्रसादच्या गाडीतलं बाकडं रिकामं करून संगिताला आणि मोतीबाईला त्यावर बसवलं.

"तुझी स्टेपनी कुठं हाय?" पुनमचंदने घाबरून विचारलं.

"स्टेपनी? ती दिवाळीलाच गेली. व्हा बाजूला!"

आतले निम्मे लोक पायी निघाले, पण लटकणारे सात जण आपापल्या जागी परत लटकले. वसरामने ते पाहिलं, काठी फेकली आणि दरीच्या बाजूला गजाला धरून एकटाच लटकला.

"आजोबा, आत या!"

"तू चालव."

जीप तशीच वाकडी खिंड चढली आणि पलीकडे उतरली.

सामानापाशी मागे राहिलेला पुनमचंद पायी सडकेला लागून, मिळेल त्या गाडीने दवाखान्यात पोचला तेव्हा दुपार कलली होती. मोतीबाई दारातच होती. "पोरगी झाली. दोघीबी चांगल्या हायत."

पुनमचंद भिंतीला टेकून खाली बसला. वऱ्हांड्यात वसराम होता. गज धरून आखडलेली बोटं अजून सरळ होत नव्हती. पुनमचंदला एकाएकी राग आला.

"तुमच्या दोन्ही अंगाच्या वजनापायी गाडीचा पाटा तुटला, बा. आज काही वाईट झालं असतं तर?"

म्हातारा बोटं चोळू लागला. मग म्हणाला, "त्या वक्ताला बैलावर गोणी मीच बांधली होती. एका अंगाला जड झाली."

"कोण्या वक्ताला?"

तेव्हा पुनमचंदला ते पहिल्यांदा कळलं. वसरामची थोरली बहीण झमकीबाई पोलीस ॲक्शनच्या साली, अठ्ठेचाळीसच्या दिवाळीआधी, अडली म्हणून त्या बैलावर बसवून सुइणीकडे नेताना त्याच खिंडीत बैलासकट दरीत पडून वारली.